पहिलं ‘नको’

अहो, आज मी गाडी चालवली. एकटीने, बर्फातून, अकरा घरं. हे तुम्हाला सगळ्यांत आधी सांगायचं होतं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातली गंमत कळणार नाही. रूथ "दॅट्स ग्रेट, आई" म्हणेल आणि लगेच पॅकिंग झालं का विचारेल. तुम्ही विचारलं असतंत, ब्रेक किती वेळा मारलास? तर मोजता येणार नाही इतक्या वेळा मारला. टेकडीवरच्या त्या वळणावर, जिथे तुम्ही मुद्दाम स्टिअरिंगवरचा एक हात सोडून मला घाबरवायचात, तिथे तर मी थांबलेच. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नसुद्धा दिला नाही. बिचारा थांबून राहिला.

तुम्हाला जाऊन उद्या तीन आठवडे होतील. ट्रॉयला, आपल्या गावात, तुमची माती झाली, मंडळी भेटून गेली, पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात धरून सांगितलं की मिशनची काळजी करू नका, कुणी तुम्हाला जाब विचारणार नाही. रूथ कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून आली होती, ती मला बरोबरच नेणार होती. मी म्हटलं, वरच्या मिशनच्या गावातलं घर आवरून येते. खोटं होतं ते. आवरण्यासारखं तिथे आहे काय? दोन बॅगा, एक कुकर आणि तुमच्या त्या सात टोप्या. मला नुसतं परत यायचं होतं, आणि का यायचं होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, पण क्रमाने सांगू द्या. मध्ये बोलू नका.

रिटायर झाल्यावर आपण सीनियर मिशनला जायचं ठरवलं तेव्हा ट्रॉयमध्ये सगळ्यांना आधी समजावूनच सांगावं लागलं. आपलं चर्च रिटायर झालेल्या जोडप्यांना अठरा महिन्यांसाठी एखाद्या लहान गावी पाठवतं, तिथल्या छोट्या मंडळीला मदत करायची, आणि उरलेल्या दिवसांत गावात पडेल ते काम करायचं. शेजारच्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या होत्या, "अहो, लोक क्रूझवर जातात, तुम्ही मिशिगनच्या टोकाला बर्फात कशाला मरायला जाताय?" तुम्ही म्हणालात, "काकू, क्रूझवर आयतं वाढतात. आम्हाला वाढायला जायचंय." काकू हसल्या. मी हसले नाही. माझ्या डोक्यात तेव्हा गॅस बंद केला का, विमा चालेल का, तिथे हॉस्पिटल किती लांब, असं सगळं चाललेलं होतं. काळजी मी करायची आणि हसायचं तुम्ही, अशी एकेचाळीस वर्षांची आपली वाटणी. आता दोन्ही खाती माझ्याकडे आली आहेत, आणि दुसरं मला चालवता येत नाही. आज सकाळीसुद्धा निघण्याआधी मी तीनदा शेगडी पाहून आले.

खरं सांगू? इथे आल्यावर माझी थोडी निराशाच झाली होती. मला वाटलं होतं मिशन म्हणजे घरोघरी प्रार्थना, शास्त्राचा अभ्यास, कुणाला तरी प्रभूजवळ आणणं. इथे आपल्या वाट्याला आलं काय, तर बुधवारी लायब्ररीत पुस्तकं लावणं, शनिवारी चर्चच्या तळघरात जुने कपडे निवडणं, आणि मंगळवार-गुरुवार म्हाताऱ्या माणसांच्या घरी जेवण पोचवणं. त्यातही हे जेवण पाठवणाऱ्या सीनियर सेंटरच्या लिंडाने पहिल्याच दिवशी बजावलं, गावाचं काम करताना धर्माचं बोलायचं नाही. मी रात्रंदिवस तुमच्यामागे लागले. आपण आलो कशाला? प्रभूचं नाव घेणार कधी? तुम्ही म्हणायचात, "ताट हातात दिलं की घेतलं." मी म्हणायचे, ताट तर कुणीही देतं. त्यावर तुमचं उत्तर कधी आलंच नाही. म्हणजे तुम्ही द्यायला लागलात आणि मी दुसरं काही काढलं, असंच बहुधा झालं असेल.

तुमची ती पद्धत मला पहिल्या आठवड्यापासून खटकत होती. सेंटरच्या कागदावर प्रत्येक नावासमोर दोन रकाने. जेवण घेतलं तर बरोबरची खूण, नको म्हटलं तर ‘डी’, डिक्लाइन्ड. साधी गोष्ट. पण तुम्ही जालन्याचे. तुमच्या आईच्या पंगतीत पहिलं ‘नको’ म्हणजे रीत, दुसरं ‘नको’ म्हणजे संकोच, आणि तिसऱ्याला वाढपी वाढून पुढेसुद्धा गेलेला. तेच तुम्ही या गोऱ्या म्हाताऱ्यांवर चालवायला लागलात. कुणी दाराआडून "नॉट टुडे" म्हणालं की तुम्ही आपले उभेच. "जस्ट सूप? ओन्ली सूप?" मी गाडीत बसून लाजेने अर्धी व्हायचे. सव्वीस वर्षं मी फार्मसीत काम केलं, तिथे बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच खरं. या देशात नाही म्हणजे नाही, हे शिकायला मला निम्मं आयुष्य लागलं होतं, आणि तुम्ही तीस वर्षं इथल्या कारखान्यात काढून कोरडेच.

बेटीच्या वेळी तुम्ही जिंकलात, हे कबूल. ऑक्टोबर असेल. ती आतून गोड आवाजात म्हणाली, "आय ॲम फाइन, हनी." मी खिडकीतून खुणावत होते, चला, पुढच्या नऊ घरांचं जेवण थंड होतंय. तुम्ही हलला नाहीत. चौथ्यांदा विचारल्यावर तिने दार उघडलं तर अंगावर दोन कोट. घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडून दोन दिवस झाले होते आणि कुणाला त्रास नको म्हणून ती गप्प होती. परत येताना तुम्ही म्हणालात, "कारखान्यात पार्ट दिसायला ठीक असतो गं. ठोकून बघितला की आवाज कळतो. तिचा आवाज बरोबर नव्हता." फार शेखी मिरवलीत त्या दिवशी. घरी येऊन दोनदा चहा मागितलात आणि मी दोनदा दिला.

मग आला नाताळ, आणि करंज्या.

अर्ल आपल्या फेरीतला शेवटचा, अकरावा. सगळी हयात लाकडांचा ट्रक चालवलेला, बायको गेलेली, डायबेटिस. त्याच्याकडे तुम्हाला नेहमी जास्त वेळ लागायचा. मी इंजिन चालू ठेवून घड्याळाकडे बघत बसायचे, आणि विचारलं की तुम्ही म्हणायचात, पायऱ्या निसरड्या होत्या. नाताळाच्या आदल्या फेरीला तुम्ही माझ्या करंज्यांचा एक डबा उचललात. मी म्हटलं, अर्लला नको हं. तुम्ही म्हणालात, "त्याची मुलगी यायचीय ना, तिच्यासाठी." दोन दिवसांनी अर्ल इमर्जन्सीत. साखर आभाळाला भिडलेली. मुलीने रिकामा डबा पाहिला, अर्लला विचारलं, आणि अर्लने सांगितलं की तो इंडियन माणूस आग्रह करकरून खायला घालत होता. मग मुलगी सेंटरला फोन करून जे बोलायचं ते बोलली.

लिंडाच्या ऑफिसात आपण दोघं शाळेतल्या मुलांसारखे बसलो होतो. ती वाईट नव्हती बोलत. "मनो, आय नो युअर हार्ट. पण नो मीन्स नो." यापुढे कुणाच्या घरात शिरायचं नाही, दारातच द्यायचं, एकदा विचारायचं, नको म्हटलं की डी. तुम्ही मांडीवर हात ठेवून ऐकत होता. एकदाच "आय ॲम सॉरी" म्हणालात. मी वाट बघत होते, की तुम्ही काही तरी बाजू मांडाल, निदान माझ्याकडे बघाल.

आणि मग गाडीत मी बोलले. तेच शब्द आता कुठे जाऊन ठेवू मला कळत नाही. मी म्हणाले, "तुमचा हा आग्रह एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल." एवढ्यावरही थांबले नाही. म्हणाले, आता घरातही हाच नियम. एकदा विचारायचं, जे उत्तर येईल ते खरं. मला तुमच्या ‘नको’मागचं ‘हो’ शोधत बसायचं नाहीये. तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. एकेचाळीस वर्षांत तुम्ही वादात इतक्या लवकर कधी हरला नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्यानंतर तुम्ही कागदावर निमूट डी लिहायला लागलात. दारातून एकदा हाक, उत्तर, डी, पुढचं घर. फेरी अर्धा तास आधी संपायला लागली. मला ते बरं वाटायला हवं होतं. रोज वाटायचं, आज तुमच्याशी नीट बोलू. आणि रोज काही तरी दुसरंच निघायचं, टायरमधली हवा, रूथचा फोन, रविवारच्या उपासनेच्या खुर्च्यांची मांडामांड.

आता त्या दिवसाचं.

सकाळी तुम्ही खुर्चीत बसून बूट घालत होता आणि एक बूट घालून थांबलात. म्हणालात, "छातीत जरा जड वाटतंय. गॅस असेल." मी कोट चढवत होते, लायब्ररीत दहाला पोचायचं होतं. मी विचारलं, "डॉक्टरकडे जायचं का?" तुम्ही म्हणालात, "नको. ठीक आहे मी. तू हो पुढे."

मी एकदाच विचारलं.

एरवी मी काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. डोकं खाल्लं असतं. कपाळाला हात लावला असता, जीभ बघितली असती, गाडीची किल्ली तुमच्या नाकासमोर नाचवली असती. फार्मसीत सव्वीस वर्षं काढलेली बाई मी, पासष्टीच्या माणसाला छातीत जड वाटणं म्हणजे काय, हे मला दुसऱ्याने सांगायला हवं होतं का? पण माझाच नियम होता. शिवाय थोडा रागही उरला होता अजून. मनात म्हटलं, बघा, तुमच्या शब्दाला मान कसा द्यायचा असतो. आणि गेले. साडेबाराला परत आले तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीत होता. दुसरा बूट हातातच.

रूथला मी सांगितलंय की तुम्ही झोपेत गेलात. काही त्रास नाही, काही बोलणं नाही, एकदम. ती रडत म्हणाली, "ॲट लीस्ट ही डिडन्ट सफर." मी हो म्हटलं. पाळकसाहेबांनाही तेच सांगितलं, त्यांनी माती देताना तसंच म्हटलं, की प्रभूने त्यांना शांतपणे जवळ घेतलं. सगळ्या मंडळीने मान डोलावली आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते, आत्ता बोलावं का. म्हणून मी इथे परत आले. सांता क्लाराला लेकीच्या समोर बसून रोज सकाळी तिच्याकडे बघायचं, आणि पोटात हे घेऊन, मला जमलं नसतं. इथे निदान कुणी विचारत नाही.

तर काल लिंडाचा फोन. तुमच्या जागी जी बाई येते ती आजारी, मंगळवारची फेरी करायला कुणी नाही, "आय हेट टु आस्क यू." मला नाही म्हणता आलं नाही. तुमची लाल पिशवी, तुमची कागद लावायची पाटी, तुमच्या अक्षरातली जुनी पानं. ‘कुत्रा भुंकतो, चावत नाही.’ ‘मागचं दार.’ ‘बहिरी, जोरात.’ बेटीने मला मिठी मारली आणि सोडेचना. दहा घरं झाली. मग मी अर्लची ओळ पाहिली, आणि तुम्ही गेल्यापासून तिथे एकही खूण नव्हती. डी, डी, डी, डी, डी. पाचही फेऱ्या. आलेल्या बाईने नियमाप्रमाणे एकदा विचारलं होतं आणि लिहिलं होतं. तिची काहीच चूक नाही.

मी त्याचं दार कधी वाजवलेलंच नव्हतं. नेहमी गाडीत. पायऱ्या खरंच निसरड्या आहेत हो, तेवढं खोटं नव्हतं. मी वाजवलं. आतून आवाज आला, "आय ॲम फाइन. नॉट टुडे." मी पेन काढलं. थंडीने शाई गोठलेली, डी उमटेना. तळहातावर घासून पाहिलं, तोंडाने वाफ दिली, शेवटी कसाबसा उमटला. पायऱ्या उतरून गाडीत बसले, किल्ली फिरवली, हीटर लावला. माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी ओरडत होत्या. आग्रह केला तर हा माणूस पुन्हा इमर्जन्सीत जाईल आणि या वेळी मी जबाबदार. नाही केला तर... ते वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही. सीटबेल्ट लावला आणि पुन्हा काढला.

मी परत वर गेले. पुन्हा वाजवलं. "मिस्टर अर्ल, आय ॲम वाइफ ऑफ मनो." आतून काही नाही. आणि तिसऱ्यांदा मी काय म्हणाले, तर म्हणाले, "अहो, दार उघडा ना."

जन्मात तुमच्याशिवाय कुणाला ‘अहो’ म्हटलं नव्हतं मी. तोंडून गेल्यावरच कळलं की मी मराठीत बोलतेय, आणि त्याच्याशी बोलत नाहीये. पण कडी वाजली. दार उघडलं.

त्याचा चेहरा पाहिला आणि बाकीचं सगळं विसरले. घाम, इतक्या थंडीत. बोलताना शब्द अडखळत होते, हात कापत होते. टेबलावर गोळ्यांची डबी, वेळच्या वेळी घेतलेल्या, आणि जेवणाचा पत्ता नाही. साखर उतरवायची गोळी घ्यायची आणि खायचं नाही, यापरतं वेडेपण नाही. त्याच्या मशीनवर बोट टोचून बघितलं, आकडा फारच खाली. फ्रीजमध्ये संत्र्याचा रस होता. मी ग्लास त्याच्या ओठाला लावला. तो म्हणाला, "नो." मी म्हटलं, प्या. तो म्हणाला, "नो, रिअली." अहो, मी त्याच्या मानेमागे हात घातला आणि लहान मुलाला पाजतात तसा पाजला. पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसले, पुन्हा टोचलं, आकडा वर आला. मग आपल्या पिशवीतलं सूप गरम केलं. तोवर मला रडायलाही वेळ मिळाला नव्हता.

सूप पिऊन झाल्यावर तो स्वतःहूनच बोलायला लागला. म्हणाला, ते जेवण हातात घ्यायची लाज वाटत होती. का म्हटलं, तर म्हणाला, मनोने मला फक्त अर्धी करंजी दिली होती. कॉफीबरोबर. अर्धी स्वतः खाल्ली. डबा मुलीसाठी ठेवून गेला आणि दोनदा बजावून गेला. उरलेल्या मी खाल्ल्या, सगळ्या, त्याच संध्याकाळी, टीव्ही बघत. मुलीने सांगून ठेवलं होतं की पुन्हा एकदा इमर्जन्सी झाली तर ती त्याला नर्सिंग होममध्ये ठेवणार. घाबरून त्याने तुमचं नाव सांगितलं. हॉस्पिटलमधून आल्यावर, लिंडाने आपल्याला बोलावण्याआधीच, तुम्ही त्याला भेटायला गेला होता म्हणे, आणि त्याने सगळं कबूल केलं होतं. तुम्ही म्हणालात, असू दे, मी बघतो. पुन्हा मात्र असं करायचं नाही.

म्हणजे लिंडाच्या ऑफिसात बसलात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं. गाडीत मी ते वाक्य बोलले तेव्हाही माहीत होतं. मला तरी सांगायचं ना! मी काय त्याच्या मुलीला फोन लावणार होते? हो, लावला असता. तुम्ही ओळखून होता. पण तरीही सांगायचं. मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तो नियम तरी मोडला असता. तुम्ही त्याला वाचवलंत, त्याचा मला अभिमान आहे आणि तितकाच राग आहे, आणि हे दोन्ही घेऊन मी त्याच्या स्वयंपाकघरात बसले होते.

तेवढ्यात अर्ल उठला. म्हणाला, कॉफी? मी सवयीने म्हटलं, "नो, नो, थँक यू." घसा कोरडा पडला होता माझा, सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. तो मात्र काही न बोलता दोन कप काढायला लागला. मी पुन्हा म्हटलं, खरंच नको. तर म्हणाला, "मनो सेज, युअर फोक्स, द फर्स्ट नो डझन्ट काउंट." आणि निळा कप माझ्यासमोर ठेवला. तुमचा कप. चार महिने तुम्ही त्यात कॉफी पीत होता आणि मी बाहेर इंजिन चालू ठेवून बसले होते.

तेव्हा मी रडले. परक्या माणसासमोर, हमसून हमसून. अहो, पहिलं ‘नको’ खरं धरायचं नसतं हे एका ट्रकवाल्या म्हाताऱ्याला चार महिन्यांत कळलं. मला एकेचाळीस वर्षं माहीत होतं.

मग मी डोळे पुसले आणि जे तुम्ही केलं नसतं ते केलं. म्हटलं, अर्ल, आजचं तुम्ही मुलीला सांगायचं. आत्ता, माझ्यासमोर. तो म्हणाला नाही. ती मला इथून नेईल. मी म्हटलं, नेईल किंवा नाही नेणार, पण तिला खोट्यावर जगायला लावू नका. तो म्हणाला नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं. तुमच्यासारखं गोडीने नाही, माझ्या पद्धतीने, फार्मसीच्या काउंटरवरून बोलल्यासारखं. त्याने फोन उचलला. ती खूप बोलली. मध्येच रडली. शनिवारी येते म्हणाली. करंज्यांचंही त्याने सांगितलं, मी काही न सुचवता. पुढे काय होईल मला माहीत नाही. त्याचं घर सुटलं तर ते माझ्यामुळे, आणि हा घोर आता तुमच्या शेजारी माझ्या उशाशी राहणार.

फोन ठेवून तो म्हणाला, "नाउ यू."

मी म्हटलं, मी काय? तो म्हणाला, तुला मुलगी आहे ना, कॅलिफोर्नियात? मनो सांगायचा. मी म्हटलं, मी बोलते तिच्याशी रोज, आय ॲम फाइन. त्याने फोन माझ्याकडे सरकवला.

रूथ ऑफिसमध्ये होती. "आई? एव्हरीथिंग ओके? हाउ आर यू?" माझ्या तोंडात ते तयारच होतं, ठीक आहे. तीन आठवडे रोज दोन वेळा तेच चाललंय. मी म्हटलं, "नाही गं. ठीक नाहीये." आणि मग सांगितलं. बूट, छातीतलं जड, लायब्ररी, दहा वाजता पोचायचं होतं ते. मी एकदाच विचारलं, रूथ. पुन्हा विचारलं असतं तर बाबा आले असते माझ्याबरोबर, मला माहीत आहे, ते माझ्यापुढे तीन वेळा कधी टिकले नाहीत.

पलीकडून तिच्या ऑफिसचं दार लावल्याचा आवाज आला, आणि ती बोलली. मराठीत. पंधराव्या वर्षापासून मला इंग्रजीतच उत्तर देणारी मुलगी.

"आई, बाबांनी त्या दिवशी सकाळी मला पण फोन केला होता. आवाज बरोबर वाटत नव्हता. मी विचारलं, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, ठीक आहे गं, तू मीटिंगला जा."

मी ऐकत होते, अर्ल सिंकजवळ पाठ करून उभा होता.

"मी पण एकदाच विचारलं, आई."